आठ फॉर्मचं पुस्तक

नमस्कार, श्रोतेहो.

छापखान्यातली माणसं पुस्तक पानांत नाही, फॉर्ममध्ये मोजतात. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, घड्या घालायच्या, की झाला सोळा पानांचा एक फॉर्म. असे आठ फॉर्म शिवले की १२८ पानं. फ्रान्समध्ये १९४१ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, पॉल आंगुलव्हाँ यांनी 'क से-ज' ही पुस्तकमाला काढली, तिचं माप हेच. विषय रसायनाचा असो की धर्माचा, पानं १२८. नावाचा अर्थ 'मला काय ठाऊक?' सोळाव्या शतकातल्या मोंतेन्य या निबंधकारानं तराजूच्या चित्रासोबत हाच प्रश्न आपलं बोधवाक्य म्हणून मिरवला होता.

एकेका विषयाची थोडक्यात ओळख करून देणाऱ्या अशा छोट्या पुस्तकांची कल्पना त्याआधीचीच. इंग्लंडात प्रकाशक ॲलन लेन यांनी १९३७ मध्ये 'पेलिकन' माला आणली, सहा पेन्सांत ज्ञानाची पुस्तकं. पुढच्याच वर्षी जपानमध्ये 'इवानामी शिन्शो' ही अशीच माला सुरू झाली.

आज जगभर दिसते ती ऑक्सफर्डची 'व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन्स', म्हणजे 'अगदी छोट्या ओळखी', ही माला; सुरुवात १९९५. खिशात मावणारं पुस्तक, साधारण पस्तीस हजार शब्द. मी आत्ता बोलतोय त्या वेगानं कुणी मोठ्यानं वाचलं, तर पाच-सव्वापाच तासांत संपेल. विषय सातशेच्या वर गेलेत.

थोडक्यात लिहिणं सोपं, असं आपल्याला उगीच वाटतं. तीस वर्षं एकाच विषयात मुरलेल्या माणसाला सांगून पाहा, 'एवढ्यात आटपा.' त्याला प्रत्येक वाक्यापुढे 'पण' लिहायचा असतो, आणि त्या 'पण'ला जागा नसते. मग तो काय करतो? ऑक्सफर्डच्या मालेचं पहिलं पुस्तक बघा. विषय प्राचीन ग्रीस आणि रोम, लेखक मेरी बिअर्ड आणि जॉन हेंडरसन. होमरपासून सुरुवात करून शतकं मोजत बसले असते, तर सगळी पानं प्रस्तावनेतच संपली असती. ते आपल्याला ब्रिटिश म्युझियमच्या एका खोलीत नेतात. तिथं भिंतीवर शिल्पपट्ट आहे, ग्रीसमधल्या बासाय नावाच्या डोंगराळ जागेतल्या अपोलोच्या देवळातून काढून आणलेला. हे दगड इथं कसे आले? मुळात देऊळ तिथं कुणी बांधलं? एका देवळाला धरून सगळा विषय उलगडत जातो. बाकीचं राहिलं, ते त्यांनी राहू दिलं.

सगळीच पुस्तकं अशी जमलेली नाहीत हो. काही लेखक ठासून भरतात, प्रत्येक परिच्छेदात पाच नावं. काही जण ओळख करून देण्याच्या नावाखाली स्वतःच्याच मताची वकिली करतात, आणि नवख्या वाचकाला ते कळतही नाही. म्हणून मी एकाच विषयावरची दोन मालांतली दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचतो. दोघांनी काय काय गाळलंय, ते ताडून बघण्यात मोठी गंमत असते.

आणि एक खोड सांगतो. ऑक्सफर्डचं पुस्तक हाती आलं की मी आधी शेवटची पानं उघडतो. तिथं 'पुढे काय वाचावं' ही यादी असते, बहुधा लेखकाच्या एका ओळीच्या शेऱ्यासह. त्या मोजक्या पानांत न मावलेले सगळे 'पण' तिथं दाटीवाटीनं बसलेले सापडतात.

नमस्कार.