नातवाची फाइल

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागे टोपली, तीत मऊ पाव आणि कडक सालीचा गोल उंडो, वर निळं प्लास्टिक आणि रबरी भोंपूची पों-पों. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरणारा माझा नातू ती पों-पों ऐकली की अंथरुणातून थेट फाटकाशी. आता तो नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे बोलणं, माणसांत मिसळणं, आवाज सोसणं यांची घडणच वेगळी. मराठीतला पुस्तकी शब्द स्वमग्नता. मी जन्मभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं, तरी हा शब्द मला पटलेला नाही. स्वतःतच मग्न असलेलं पोर दोन वळणं पलीकडची सायकल ओळखेल का हो? तेव्हा मी आपला ऑटिझम म्हणणार.

मला आज बोलायला सांगितलंय ते मदतीबद्दल. अशा मुलाच्या घरच्यांनी गोव्यात जायचं कुठे? मी डॉक्टर नव्हे. सात वर्षं दारं ठोठावलेला आजोबा आहे, एवढाच माझा अधिकार.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. पोर दोन वर्षांचं झालं तरी शब्द नाही. हाक मारली तर वळून बघत नसे. हवं ते बोटानं दाखवत नसे, आईचा हात धरून तिला फ्रिजपर्यंत ओढत नेई. सून काळजीत पडली. मी म्हटलं, "चले उसरांच उलयतात. तुझा घोव तिसऱ्या वर्षी बोलला." म्हणजे मुलगे उशिराच बोलतात, तुझा नवराही तसाच. मास्तराचा शब्द, घरात मोडणार कोण? मग देवळात प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला. देवानं उजवा दिला, म्हणजे होकार, आम्ही निर्धास्त झालो. त्यात आठ महिने गेले. देवाला बोल लावत नाही मी. आम्ही त्याला बोलेल का एवढंच विचारलं. कुठे नेऊ, हे विचारलंच नाही.

आता मला कळलंय ते असं. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी असते. बालरोगतज्ज्ञांकडे ती दहा मिनिटांत भरून होते. तिच्यावरून निदान होत नाही, पण पुढे तपासायचं की नाही ते कळतं. लस टोचायला नेता त्याच दिवशी विचारा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, २०१३ पासून. त्यांनाही सांगता येतं. तिथून चिठ्ठी मिळते ती डीईआयसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या केंद्राची. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे, त्याच्याच जवळ मानसोपचार संस्था, आयपीएचबी. पर्वरीला 'सेतु' आहे, मुलांचा विकास आणि कुटुंबाला मार्गदर्शन हेच त्यांचं काम. आयपीएचबीचं नाव काढलं की आमच्याकडे अजून माणसं आवाज खाली आणतात. मीही आणत होतो. तिथल्या बाकावर दोन तास बसलो, शेजारी माझाच एक जुना विद्यार्थी त्याच्या मुलीला घेऊन बसलेला. त्या दिवसापासून तो खालचा आवाज गेला.

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला फार उशिरा उमगली. रांगा दोन असतात. एक मुलाला शिकवण्याची, दुसरी कागदांची. लोक त्यांची गल्लत करतात. कोणी दिव्यांगतेचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत थेरपी सुरूच करत नाही. कोणी थेरपी करतो, पण शिक्का बसेल म्हणून कागदाच्या रांगेकडे फिरकत नाही. दोन्हींत पहिल्याच दिवशी उभं राहावं, आणि एकीसाठी दुसरी अडवू नये.

पहिल्या रांगेचं आधी. स्पीच थेरपी म्हणजे बोलायला शिकवणं, ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजची कामं शिकवणं. यांना तारीख मिळायला वेळ लागतो. आमच्या साखळी गावाहून म्हापशाला बस बदलून पर्वरीला जायचं म्हणजे अर्ध्या तासाच्या सत्रासाठी अख्खा दिवस. मुलगा रजा किती काढणार? मग आठवड्याचे बाकीचे सहा दिवस काय करायचं? त्याचं उत्तर गोव्यातच शोधलं गेलं आहे. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या मंडळींनी मिळून एक अभ्यास केला. तो २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ६५ मुलं होती. तज्ज्ञ नसलेले, पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते आईवडलांबरोबर बसत. मूल आणि आई खेळताना व्हिडिओ काढायचा, मग आईनं आणि कार्यकर्त्यानं मिळून तो बघायचा. कुठे मुलानं बघितलं, कुठे आईनं घाई केली. त्या घरांतली मुलं आपणहून संवाद सुरू करायला जास्त लागली, असं त्यात दिसलं.

आमच्या घरी हे पोदेराच्या टोपलीवर झालं. पूर्वी पोर फाटकाशी गेलं की मी लगेच पाव हातात द्यायचो. आजोबाचं प्रेम दुसरं काय असणार! थेरपिस्ट बाई म्हणाल्या, मास्तर, तुम्ही त्याला मागायची संधीच देत नाही. मग सून त्याच्यासमोर उकिडवी बसायची, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. पाव हातात. "पाव," एवढंच म्हणायची आणि थांबायची. मनात पाच आकडे. पोदेर बिचारा सायकलवर एक पाय टेकून उभा. पहिले दहा-बारा दिवस नुसतं रडणं. मग हात पुढे. मग "पा". पावसाळा सुरू झाला तेव्हा "पाव". आणि गणेश चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायची गडबड चाललेली असताना, फाटकातून ऐकू आलं, "पाव जाय." माझ्या हातातला सुपारीचा घोस खाली पडला.

जाय म्हणाला, पाहिजे नव्हे. यावरून भाषेचं सांगतो, कारण गोव्यातल्या घरांत हा घोळ हमखास होतो. घरात कोंकणी, शाळेत आणि पेपरात मराठी, कार्टून हिंदी, बालवाडीची पाटी इंग्रजी. सुरुवातीला एका ठिकाणी आम्हाला सांगितलं, पोर गोंधळतंय, घरात फक्त इंग्रजी बोला. माझ्या बायकोला इंग्रजी येत नाही. ती महिनाभर नातवाशी बोललीच नाही. नुसती भरवायची. तिला वाटे, आपल्या तोंडून शब्द गेला तर पोराचं नुकसान होईल. पुढे दुसऱ्या थेरपिस्ट बाईंना हे कळलं तेव्हा त्या रागावल्याच. म्हणाल्या, ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि मुका घेता, त्याच भाषेत बोला. दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडत नाही, हे आता अभ्यासांतून दिसलं आहे. तो एक महिना मात्र बायकोला अजून सलतो.

आता कागद. मला मास्तर म्हणून यात गोडी आहे, तेव्हा जरा सहन करा. आमच्याकडे चेनची एक निळी फाइल आहे. जन्मदाखला, आधार, फोटो, पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे, आणि प्रत्येकाची झेरॉक्स. त्यात दर महिन्याला सूनबाई स्वतःच्या अक्षरात एक पान लावते. काय नवीन बोलला, कशाला घाबरला, झोप किती. शिवाय फोनमध्ये घरातले दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ. डॉक्टरांच्या खोलीत पोर वेगळंच वागतं, घरचं त्यांना दिसणार कसं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता धरली आहे, त्यात ऑटिझम आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग मेडिकल बोर्डासमोर जायचं, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. तिथे मोजणी होते ती इसा या भारतीय मापनपट्टीवर. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत. त्या दिवशी मी काय केलं सांगू? डॉक्टर विचारताहेत, स्वतःहून कपडे घालतो का, आणि मी पुढे सरसावून सांगतोय, "याला साखळी ते पणजी सगळे बसथांबे क्रमानं पाठ आहेत!" सुनेनं टेबलाखालून माझा पाय दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याचं प्रगतिपुस्तक वाचत होता." तिचं खरं होतं. तिथे मुलाचा बरा दिवस सांगायचा नसतो, रोजचा सांगायचा असतो. मदत किती लागते तेच तर मोजताहेत. त्यावरून ठरणारे दिव्यांगतेचे टक्के चाळीस किंवा त्याहून वर आले की बहुतेक सवलतींचं दार उघडतं. आणि कार्डावरची मुदत बघा. लहानपणी दिलेलं प्रमाणपत्र पुन्हा करून घ्यावं लागू शकतं.

माझा सख्खा भाऊ म्हणाला होता, पोराच्या कपाळावर सरकारी शिक्का कशाला? त्या शिक्क्यावर काय मिळालं ते त्याला एकदा कागदावर लिहून दिलं. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मासिक साहाय्य. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत. यात आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. साधा आरोग्य विमा घ्यायला जा, थेरपी म्हटलं की एजंट विषय बदलतो. निरामयाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते विसरलात तर गेलं. आम्ही एकदा विसरलो. जुन्या पद्धतीनं आयकर भरणाऱ्याला वजावट आहे, ती वेगळी.

शाळेबद्दल थोडं तिखट बोलतो. एका शाळेत आम्हाला सांगितलं, आमच्याकडे सोय नाही. नाव घेत नाही. पण चाळीस किंवा त्याहून वर टक्के असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क त्याच दिव्यांग हक्क कायद्यात आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीनं. लेखी नकार मागितला की सूर बदलतो, हा अनुभव. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची चौकशी करा. दहावीला जादा वेळ, लेखनिक यांची सोय होते, पण त्याचे कागद आदल्या वर्षापासून हलवावे लागतात. विशेष शाळा हवी असेल तर पर्वरीला संजय सेंटर, फोंड्याला लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीला केशव सेवा साधना. जाऊन एक सकाळ बसून बघा. पाटीपेक्षा मधल्या सुटीत मुलांशी कोण कसं बोलतं ते बघा.

मी हे सांगतोय खरा, पण सत्तरी तालुक्यातल्या माझ्या वर्गात चाळीस वर्षांपूर्वी एक मुलगा होता. पाढे तीसपर्यंत न अडखळता म्हणायचा, माझ्याकडे मात्र कधी बघत नसे. मास्तरांच्या डोळ्याला डोळा देत नाही म्हणून मी त्याला दोनदा पट्टी मारली. तिसरीनंतर तो शाळेत आला नाही. त्याच्या घरी मी गेलो नाही.

भोंदूंचं एका दमात सांगतो. सहा महिन्यांत नॉर्मल करतो म्हणणारा दिसला की चपला घाला. आम्ही अशा एकाला पैसे मोजून आलो आहोत. ऑटिझमसाठी स्टेम सेलचे उपचार देऊ नयेत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. लसीमुळे ऑटिझम होत नाही. आईच्या नोकरीमुळे होत नाही. ग्रहणामुळेही होत नाही, काकी.

आणि त्या आईचं. सगळी धावाधाव तिच्या पायांवर असते, आणि लग्नामुंजीत पोर ओरडलं की सगळ्या माना तिच्याकडे वळतात. आमची सून एकदा रात्री न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, फुकट, चोवीस तास. तिनं लावला. दुसरी गोष्ट तिला उपयोगी पडली ती दुसऱ्या आया. २०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव भरला, तिथे तिला पेडण्याची एक आणि काणकोणची एक भेटली. तिघींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. अर्धीअधिक माहिती आम्हाला तिथून मिळते, कुठल्या वारी कुठल्या खिडकीवर गर्दी कमी, इथपर्यंत. मी त्या ग्रुपवर नाही. घेत नाहीत.

आमच्यापेक्षा मोठं मूल असलेल्यांनी एक ध्यानात ठेवा. अठरा पूर्ण झाली की आईबाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. गरज असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. बँकेत खातं अडल्यावर धावण्यापेक्षा सतराव्या वर्षीच चौकशी करा. माझं वय बघता हा कागद मीच आधी वाचून ठेवला आहे, फाइलीच्या शेवटच्या कप्प्यात आहे.

येताना ती फाइल घेऊनच आलोय. कालचं पान सूनबाईनं लिहिलेलं आहे, तेवढं वाचतो. "मिक्सर लावला, कानांवर हात, पण खोलीतच थांबला. रात्री दहाला झोपला. सकाळी पोदेर आला. टोपलीत बघितलं आणि म्हणाला, पाव नाका, उंडो जाय."

नमस्कार.