ब्लॉक क्रमांक 4127

(दृश्य: सरकणारा लॉग, एका ओळीवर थांबतो)

‘इनव्हॅलिड पेज इन ब्लॉक 4127 ऑफ रिलेशन बेस/16384/24817’. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरने बिघाडाचा पत्ताच हातात दिलाय. 16384 हा डेटाबेस, 24817 ही त्यातली फाइल, आणि 4127 हे फाइलमधलं पान. एक पान 8192 बाइटचं. गुणाकार करा: फाइलच्या सुरुवातीपासून 3,38,08,384 बाइट पुढे.

सर्व्हर चाचणीचा आहे, पान मुद्दाम खराब केलंय. खऱ्या सर्व्हरवर एव्हाना फोन वाजू लागलेले असतात आणि कुणीतरी म्हणतंच, ‘रीस्टार्ट मारून बघू.’ नको. सर्व्हर नीट बंद करा आणि अख्खी डेटा डिरेक्टरी, वॉलच्या (प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो त्या लॉगच्या) फायलींसकट, दुसऱ्या डिस्कवर घ्या. चिरफाड करायची ती त्या कॉपीवर.

(दृश्य: हेक्सडम्प)

हे ते पान, एकेक बाइट आकड्यांत मांडलेलं. वरचे 24 बाइट हेडरचे, त्याखाली पॉइंटर, म्हणजे कुठली ओळ पानात कुठे आहे ते सांगणारे. ओळी मात्र तळापासून वर भरत येतात, त्यामुळे मधे शून्यं दिसली तर घाबरायचं कारण नाही. ती मोकळी जागा. पण इथे शून्यं 4096 बाइटनंतर सुरू होतात ती थेट तळापर्यंत. पॉइंटर सांगतात ओळी आहेत, आणि त्या जागी काहीच नाही. बऱ्याच डिस्कचा सेक्टरही 4096 बाइटचाच असतो. म्हणून असं काटेकोर कापलेलं पान दिसलं, की पहिला संशय डिस्कवर घ्यावा: कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा लॉग बघावा, स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे बघावेत.

फाइल इंडेक्सची, म्हणजे ओळी पटकन शोधायच्या सूचीची निघाली तर सुटलात. रीइंडेक्स केला की तो टेबलवरून नव्याने बांधला जातो. टेबलची असेल तर बॅकअप आणि त्यापुढची वॉल. ‘झिरो डॅमेज्ड पेजेस’ हे खराब पान शून्य धरणारं सेटिंग चालू केलं की एरर जाते खरी, पण पानावरच्या धड ओळीही सोबत जातात. आधी बाकीचं टेबल वाचून बाहेर काढा.

(दृश्य: सेटिंगची ओळ, ‘डेटा चेकसम्स: ऑन’)

एवढं सगळं दिसलं ते या एका सेटिंगमुळे. पान डिस्कवर लिहिताना त्यातल्या मजकुरावरून एक पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसम, मोजून ठेवला जातो, वाचताना पडताळला जातो. तो बंद असता तर अशी बरीच पानं गुपचूप चुकीची उत्तरं देत राहिली असती. चालू असूनही, कुणी वाचतच नाही असं पान महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं; तोवर चांगले बॅकअप पुसले गेले, तर त्या ओळी गेल्या. ‘पीजी-बेसबॅकअप’ हे पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन मात्र कॉपी करता करता प्रत्येक पानाचा चेकसम तपासतं, म्हणून ते नियमित चालवावं आणि त्याच्या वॉर्निंग वाचाव्यात.

पोस्टग्रेसच्या आवृत्ती 18 पासून नव्या क्लस्टरला (एका सर्व्हरखालच्या सगळ्या डेटाबेसना) चेकसम आपोआप चालू असतो. जुना क्लस्टर अपग्रेड केला म्हणून तो चालू होत नाही. सर्व्हर बंद करून ‘पीजी-चेकसम्स’ चालवावं लागतं. आवृत्ती 12 पासून ही सोय आहे, आणि मोठ्या डेटाबेसला वेळ लागतो.