पन्नासची रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, कपाटातल्या एखाद्या फाइलमध्ये, रक्ततपासणीचा एक तरी रिपोर्ट असतोच. त्यात हिमोग्लोबिनच्या आसपास ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ असे लिहिलेले असते आणि त्याच्यापुढे एक आकडा असतो. त्या आकड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मी गेली बावीस वर्षे नाशिकमध्ये पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालवते आहे आणि ‘मॅडम, हिमोग्लोबिन किती?’ असे विचारणारे रोज भेटतात, पण पीसीव्हीची चौकशी करणारी माणसे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. आज मला सायकल शर्यतींतील उत्तेजकांविषयी बोलायचे आहे आणि त्याची सुरुवात याच आकड्यापासून करावी लागते, कारण व्यावसायिक सायकलिंगचा एक मोठा कालखंड त्याच्याभोवतीच फिरला.

हा आकडा काढण्याची जुनी पद्धत आजही आमच्याकडे अधूनमधून वापरली जाते. काचेची, काडीसारखी बारीक नळी रक्ताने भरायची, तिचे एक टोक मातीसारख्या मेणाने बंद करायचे आणि ती सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटे गरगर फिरवायची. नळी बाहेर काढली की तळाशी गडद लाल थर बसलेला दिसतो, त्याच्यावर पांढरट पेशींची एक अगदी पुसट रेघ असते आणि वर गवती रंगाचे पातळ द्रव्य असते. एकूण उंचीच्या शंभर भागांपैकी पंचेचाळीस भाग लाल असला, तर पीसीव्ही पंचेचाळीस. निरोगी पुरुषांमध्ये हा आकडा साधारण ४० ते ५० च्या दरम्यान असतो, स्त्रियांमध्ये थोडा कमी. या लाल पेशीच स्नायूंपर्यंत प्राणवायू पोहोचवतात, आणि घाट चढणाऱ्या सायकलस्वाराला शेवटी प्राणवायूच कमी पडतो.

लाल पेशी तयार करण्याचा आदेश शरीरात मूत्रपिंडाकडून जातो. एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, या संप्रेरकाच्या रूपाने तो हाडांतल्या मगजापर्यंत पोहोचतो. मूत्रपिंड निकामी झाले की हा आदेश थांबतो आणि रुग्ण पांढराफटक पडत जातो. अशा रुग्णांसाठी प्रयोगशाळेत बनवलेल्या ईपीओला १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर बर्फाची छोटी पिशवी मांडीवर सांभाळत बसलेले नातेवाईक आपण पाहिले असतील. बऱ्याचदा त्या पिशवीत हेच इंजेक्शन असते. ज्या औषधाने या माणसांना दोन जिने चढण्याइतके बळ दिले, तेच औषध नव्वदच्या दशकात युरोपातल्या धडधाकट तरुणांच्या दंडात टोचले गेले, ही गोष्ट मला डॉक्टर म्हणून आजही सहन होत नाही.

उत्तेजकांचे प्रकरण त्याच्याही आधीचे आहे. १३ जुलै १९६७ रोजी ‘टूर दि फ्रान्स’ शर्यतीत मॉं व्हॉन्टू नावाचा डोंगर चढताना टॉम सिम्पसन हा २९ वर्षांचा ब्रिटिश सायकलपटू कोसळला आणि मरण पावला. हा डोंगर आपल्या कळसूबाईपेक्षा अडीचशेहून अधिक मीटर उंच असून त्याचा माथा उघडाबोडका, पांढऱ्या दगडांचा आहे, आणि त्या दिवशी ऊन भयंकर होते. सिम्पसनच्या जर्सीच्या खिशात अॅम्फेटामाइनच्या नळ्या सापडल्या आणि शवविच्छेदनात त्याच्या शरीरातही ते आढळले. थकवा ही शरीराने दिलेली सूचना असते, आणि हे औषध ती सूचनाच ऐकू येऊ देत नाही. चैत्रात सप्तशृंगीचा घाट सायकलने चढलेल्यांना, डोक्यावर ऊन असताना शरीर ‘आता थांब’ म्हणते तो क्षण ठाऊक असेल. सिम्पसनच्या बाबतीत ते ऐकणारेच कोणी उरले नव्हते.

अॅम्फेटामाइन लघवीच्या तपासणीत सापडत असे. ईपीओचे तसे नव्हते, कारण ते शरीरात नैसर्गिकरीत्या असतेच, आणि बाहेरून टोचलेले वेगळे ओळखण्याची चाचणी २००० सालापर्यंत उपलब्ध नव्हती. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, १९९७ मध्ये एक रेघ आखली. पुरुषांचा हिमॅटोक्रिट ५० च्या वर गेला, किंवा स्त्रियांचा ४७ च्या वर, तर त्या खेळाडूला दोन आठवडे शर्यतीतून बाजूला बसवायचे. त्याला दोषी म्हणायचे नाही, फक्त ‘प्रकृतीच्या कारणास्तव अपात्र’ म्हणायचे. रक्त फार दाट झाले की गुठळ्या होण्याचा आणि हृदयावर ताण येण्याचा धोका वाढतो, तेव्हा हेतू चांगलाच होता. घडले मात्र भलतेच. ज्याचा नैसर्गिक आकडा ४२ होता त्याला आणखी आठ अंकांची मोकळीक मिळाली, आणि ज्याचा जन्मतःच ४८ होता त्याला जवळजवळ काहीच नाही. संघांच्या सामानात छोटी सेंट्रिफ्यूज यंत्रे फिरू लागली. तपासनीस दारात आले की सलाइन लावून रक्त पातळ करायचे, ही युक्तीही पुढे अनेकांनी कबूल केली. मर्यादा म्हणून आखलेली रेघ बघता बघता लक्ष्य बनली.

या रेषेवर मोडलेला माणूस म्हणजे मार्को पंतानी. आपल्याकडच्या मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि पंतानी हा त्या अर्थाने साऱ्या युरोपातल्या घाटांचा राजा होता. १९९८ मध्ये त्याने इटलीची आणि फ्रान्सची अशा दोन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. दुसऱ्या वर्षी इटलीच्या शर्यतीत तो पुन्हा आघाडीवर असताना, समाप्तीला जेमतेम दोन दिवस उरले असताना, ५ जून १९९९ च्या सकाळी त्याचा हिमॅटोक्रिट ५२ भरला आणि त्याला शर्यत सोडावी लागली. त्यानंतर तो मनाने कधी सावरला नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये रिमिनी गावातल्या एका हॉटेलच्या खोलीत कोकेनच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. त्याच्या बाबतीत माझ्या मनात रागापेक्षा दुःखच जास्त आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगते. सायकलिंगमधली मोठी प्रकरणे पाहिली तर त्यातली फार थोडी केवळ प्रयोगशाळेने उघड केली आहेत. मी स्वतः प्रयोगशाळेत बसणारी आहे, तरी हे मला मान्य करावे लागते. ८ जुलै १९९८ रोजी फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी फेस्टिना संघाची एक गाडी अडवली. ती चालवत होता विली व्होए नावाचा संघाचा मालिशवाला, आणि गाडीत ईपीओ, ग्रोथ हॉर्मोन, टेस्टोस्टेरॉन अशा औषधांच्या शेकडो मात्रा होत्या. त्या एका गाडीमुळे सगळा संघ शर्यतीबाहेर गेला आणि पोलिसांनी इतर संघांच्याही खोल्या तपासल्या. खेळाच्या संघटनांना आपले घर आपण स्वच्छ करू शकत नाही हे जगासमोर कबूल करावे लागले, आणि १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’, स्थापन झाली.

लान्स आर्मस्ट्राँगचे प्रकरण तर आपल्यापैकी अनेकांना व्यक्तिशः लागले आहे. कर्करोगातून उठलेला हा माणूस १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे टूर दि फ्रान्स जिंकला. त्याच्या संस्थेचे पिवळे रबरी कडे मी नाशिकमध्ये केमोथेरपी घेणाऱ्या एका शिक्षिकेच्या मनगटावर पाहिले होते. रक्त घेताना ते कडे थोडे वर सरकवावे लागे आणि ती दर वेळी ते स्वतःच्या हाताने सरकवीत असे. आर्मस्ट्राँगचे शेकडो नमुने तपासले गेले आणि ‘मी इतक्या चाचण्यांत निर्दोष ठरलो’ हेच तो वर्षानुवर्षे सांगत राहिला. १९९९ मध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिझोन या स्टिरॉइडचा अंश आढळला होता. खोगिराने पडलेल्या जखमेवर लावलेल्या मलमाचे ते आहे, असे मागील तारखेच्या चिठ्ठीने दाखवले गेले. ही चिठ्ठी नंतर तयार केल्याचे जगाला सांगितले ते संघातल्या एमा ओ’रायली या मालिश करणाऱ्या तरुणीने. दंडावरचा सुईचा डाग झाकण्यासाठी त्याने आपल्याकडे मेकअपचे क्रीम मागितले होते, हेही तिने सांगितले. त्यासाठी तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले आणि तिला कोर्टकचेरीला तोंड द्यावे लागले. अखेर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने हजाराहून अधिक पानांचा पुरावा मांडला, तेव्हा त्यात २६ जणांच्या साक्षी होत्या आणि त्यांतले ११ जण आर्मस्ट्राँगचेच सहकारी सायकलपटू होते. पुढच्या जानेवारीत त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. त्या सात वर्षांची विजेतेपदे दुसऱ्या कोणालाही दिलेली नाहीत. यादीत ती जागा आजही रिकामी आहे.

याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. २००८ पासून सायकलिंगमध्ये ‘जैविक पारपत्र’ ही पद्धत सुरू झाली, आणि माझ्या मते हा या लढ्यातला सर्वांत शहाणपणाचा विचार आहे. यात ५० सारखी सर्वांना एकच रेघ नसते, प्रत्येक खेळाडूच्या रक्ताची तुलना त्याच्याच आधीच्या रक्ताशी केली जाते. हिमोग्लोबिनबरोबर रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या लाल पेशी, मोजल्या जातात. निळ्या रंगद्रव्यात त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर पोटात जाळीचे धागे असल्यासारख्या दिसतात. ईपीओ टोचले की या नवजात पेशी एकदम वाढतात. उलट स्वतःचे साठवलेले रक्त परत चढवले, तर हिमोग्लोबिन वाढते, पण हाडांतला मगज स्वस्थ बसतो आणि नव्या पेशी घटतात. ईपीओ स्वतः काही दिवसांत शरीरातून नाहीसे होते, मात्र त्याने घडवलेली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. औषध निघून जाते, त्याची पावले रक्तात राहतात. त्यातही दोषी ठरवण्यापूर्वी तीन तज्ज्ञांचे एकमत लागते आणि त्यांना खेळाडूचे नाव कळू दिले जात नाही.

खेळाडूंवरचा भारही मोठा आहे, तो आपण समजून घ्यायला हवा. वरच्या श्रेणीतल्या सायकलपटूला वर्षाच्या प्रत्येक दिवशी आपण कुठे राहणार हे आगाऊ कळवावे लागते आणि रोजचा एक तास असा नेमून द्यावा लागतो, की त्या वेळी तपासनीस न सांगता आला तरी तो तिथे सापडलाच पाहिजे. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्या तर तोच गुन्हा धरला जातो. लघवीचा नमुना देताना समोर तपासनीस उभा असतो. २००७ मध्ये डेन्मार्कचा मायकेल रासमुसेन टूरमध्ये पिवळ्या जर्सीत आघाडीवर होता. सरावाच्या काळात आपण मेक्सिकोत होतो असे त्याने कळवले होते, पण एका माजी इटालियन सायकलपटूने त्याला त्याच दिवसांत इटलीच्या डोंगरात सराव करताना पाहिले होते. त्याच्याच संघाने त्याला शर्यतीतून काढले. इथेही सत्य बाहेर आले ते कोणीतरी पाहिलेले बोलून दाखवल्यामुळे.

श्रोतेहो, हे सगळे नाशिकच्या आकाशवाणीवर कशासाठी, असे कोणी विचारील. २०१५ मध्ये आपल्या शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, आणि तेव्हापासून पहाटे गंगापूर रस्त्यावर आणि त्र्यंबक रस्त्यावर सायकलींच्या दिव्यांची रांग दिसते. त्या रांगेत आता शाळकरी मुलेही असतात. दुसरीकडे, वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचे प्रमाण भारताचेच सर्वाधिक, ३.८ टक्के होते. २०२२ मध्ये आपल्या संसदेने उत्तेजकविरोधी कायदा केला, आणि राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था ‘नाडा’ २००५ मध्येच स्थापन झाली आहे. पण नाडाचा तपासनीस तालुक्याच्या व्यायामशाळेत रोज येणार नाही.

दीड वर्षापूर्वी दिंडोरी तालुक्यातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला आला. राज्य पातळीवरच्या सायकल स्पर्धांत तो उतरत होता. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. त्याचा पीसीव्ही ५३ आला आणि नवजात पेशी दुपटीहून अधिक. मी यंत्रावर विश्वास न ठेवता काचपट्टी स्वतः पाहिली आणि नळीही फिरवून पाहिली. लाल थर अर्ध्याच्या वर गेलेला होता. मी त्याला आत बोलावले, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, ‘मॅडम, पन्नासच्या आत यायला किती दिवस लागतील?’ ही पन्नासची रेघ त्याला कोणी शिकवली, हे त्याने सांगितले नाही. यूसीआयने ती आखली तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता.

मी त्याला तारीख सांगितली नाही. त्याच्या समोरच त्याच्या वडिलांना फोन लावला. ते संध्याकाळी बागेतून तसेच आले, हातांवर द्राक्षांच्या औषधफवारणीचा वास होता. मी त्यांना रिपोर्ट दाखवला, काचेची नळी उजेडात धरून दाखवली आणि रात्री झोपेत नाडी मंद होते तेव्हा इतक्या दाट रक्ताने काय होऊ शकते तेही सांगितले. ते बराच वेळ त्या नळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मुलाला विचारले, ‘आपल्या घरातल्या फ्रीजमध्ये होतं का हे?’ मुलाने मान हलवली. त्यांनी रिपोर्टची दुसरी प्रत मागितली. ती कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘याच्याबरोबर अजून सहा पोरं सायकल चालवतात. त्यांच्या घरी दाखवतो.’

पुढच्या आठवड्यात त्यांतली चार मुले आपापल्या आईवडिलांबरोबर माझ्याकडे तपासणीला आली.