फुंकणी आणि पंप

[पहाट. अंधार. चुलीचा लाल उजेड, फुंकणीचा आवाज.]

अकोले तालुका. कळसूबाईच्या डोंगररांगेतली एक वाडी. पहाटेचे साडेचार वाजलेत. आषाढाचा पाऊस चार दिवस उघडलेला नाही आणि सरपण ओलं आहे. ओलं लाकूड पेटत नाही, धुमसतं. आजी फुंकणी तोंडाला लावतात. गाल फुगतात. एक फुंकर, दुसरी, तिसरी. मग खोकल्याची उबळ. उबळ ओसरेपर्यंत फुंकणी हातातच असते.

[आढ्याला टांगलेली मक्याची कणसं. काजळीनं काळी झालेली कौलं.]

चुलीच्या बरोबर वर, आढ्याला मक्याची कणसं टांगलेली आहेत. पुढच्या वर्षीचं बियाणं. धुरात टांगलं की कणसाला कीड लागत नाही, हे इथल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याच धुराखाली आजींचे पन्नास पावसाळे गेले. विडी त्यांनी कधी ओढली नाही.

कोपऱ्यात गॅसची शेगडी आहे. टाकीही आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि अशा बऱ्याच वाड्यांवर टाकी पोचली. पण रिकामी टाकी खाली रस्त्यापर्यंत न्यायची, भरलेली डोक्यावर घेऊन वर आणायची, आणि पैसे आधी मोजायचे. म्हणून गॅसवर होतो पाहुण्याचा चहा. भाकरी, पाणी, जनावरांचं आंबोण हे सगळं चुलीवरच.

[आजी हंडा घेऊन चढण चढतात. मध्येच दगडावर टेकतात.]

दोन वर्षांपूर्वी या चढणीला आजी थांबत नव्हत्या. आता तीनदा बसतात. वाडीत याला दमा म्हणतात. दम लागतो म्हणून दमा, शब्द सरळ आहे. डॉक्टर मात्र इथे दोन आजार वेगळे करतात. दमा येतो आणि जातो. मधले दिवस माणूस ठणठणीत असतो. दुसरा आजार असा जात नाही. वर्षानुवर्षांच्या धुरानं श्वासनळ्या सुजतात, आकसतात, कफानं भरतात, फुफ्फुसातले बारीक फुगे फाटत जातात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. त्याचं नाव सीओपीडी. २०१६ साली भारतात त्याचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. त्या वर्षी देशात हृदयविकाराखालोखाल सर्वांत जास्त माणसं याच आजारानं गेली.

आणि हा फक्त विडीवाल्यांचा आजार आहे, हे मनातून काढून टाकायला हवं. भारतात या आजाराच्या निम्म्याहून जास्त ओझ्यामागे हवेतलं प्रदूषण आहे, घरातला आणि घराबाहेरचा धूर. तंबाखूचा वाटा साधारण पाव आहे. तरी दवाखान्यात पहिला प्रश्न विडीचा होतो. बाई नाही म्हणते, आणि खोकल्याचं औषध घेऊन परत जाते.

[आठवडे बाजार. गोळ्यांच्या पुड्या. आजींचा पत्र्याचा डबा.]

आजींच्या डब्यात हे सगळं सापडलं. खोकल्याच्या बाटल्या, आणि कागदात बांधलेल्या पांढऱ्या गोळ्या. बाजाराच्या दिवशी एक सुई घ्यायची, दोन-चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. गोळी घेतली की हात थरथरतात, छातीत धडधडतं, असं आजी सांगतात.

त्याचं कारण समजून घेऊ. श्वासनळी सैल करणारं एक नेहमीचं औषध आहे, सालब्युटामॉल. त्याची मोठी गोळी ४ मिलिग्रॅमची. ती पोटात जाते, रक्तात मिसळते, अंगभर फिरते, आणि मग थोडी फुफ्फुसापर्यंत पोचते. तोंडाला लावून औषध ओढायचा पंप, म्हणजे इन्हेलर, एकदा दाबला की त्याच औषधाचे फक्त १०० मायक्रोग्रॅम बाहेर येतात. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांएवढं औषध. पंपाचं औषध थेट दुखणाऱ्या जागी जातं, म्हणून ते इतकं कमी पुरतं. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटची पायरी, असं गावोगाव ऐकू येतं. हे आकडे वाडीतल्या प्रत्येक घरात सांगायला हवेत.

[जुन्या पद्धतीचा काचेचा फवारा. मग आजचा पंप, हातात.]

ही पंपाची कल्पना एका मुलीची. १९५५ साली अमेरिकेत एका औषध कंपनीच्या अध्यक्षांची १३ वर्षांची मुलगी दम्यानं बेजार होती. तेव्हा रबरी फुगा दाबून फवारायचा काचेचा नेब्युलायझर वापरत. तो नाजूक, सांभाळायला कटकटीचा. तिनं वडिलांना विचारलं, केसांवर मारायच्या स्प्रेसारखं माझं औषध का नाही करता येत? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून औषध सोडणारा पहिला पंप बाजारात आला. त्याला आता जवळपास सत्तर वर्षं होतील.

[उपकेंद्र. कपाट उघडतं. पंप, कॅप्सूलच्या बाटल्या.]

आज हा पंप देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपण पाहतो आहोत त्या उपकेंद्राच्या कपाटातही आहे. आजींना मागच्या महिन्यात औषध मिळालं होतं. पंप नव्हे, कॅप्सूल आणि ती ओढायचं छोटं यंत्र. आशाताई म्हणाल्या, आजी, कसं घेता ते दाखवा.

[क्लोजअप. आजींचे हात. दारातून येणारा उजेडाचा पट्टा.]

हे दृश्य आम्ही एकदाच टिपलं, आणि पूर्ण ठेवलं आहे.

आजी चुलीच्या वरच्या फळीवरून बाटली काढतात. वाफ आणि ओल लागून आतली भुकटी दमट झालेली असणार. पण त्या कॅप्सूल यंत्रात नीट बसवतात, पारदर्शक बाजू खाली. बूड फिरवतात. आत कॅप्सूल फुटल्याचा बारीक आवाज येतो. यंत्र ओठात धरतात.

आणि फुंकतात.

[उजेडात उडणारी पांढरी भुकटी.]

महिनाभराचं औषध असंच हवेत गेलं.

यात आजींची चूक नाही. नळी ओठाला लागली की फुंकायचं, हेच त्या ओठांना पन्नास वर्षं माहीत आहे. त्यांच्या हातात औषध देताना कोणी करून दाखवलं नाही. कागदावर लिहून दिलं, दिवसातून दोनदा. आजींना वाचता येत नाही.

आशाताईंसोबत आम्ही आणखी घरांत गेलो. एका घरात कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली जात होती. एका घरातले काका पंपाचं टोपण न काढताच दाबत होते. एका घरात पंप धान्याच्या डब्यात लपवलेला होता, कारण मुलीचं लग्न ठरायचंय. त्या घरानं चित्रीकरणाला नको म्हटलं, म्हणून फक्त डबा दिसतो आहे.

[उपकेंद्राची ओसरी. सीएचओ मॅडम (उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी), आशाताई, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.]

ओसरीवर जे चाललं आहे, ते नीट पाहा. अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली. तारेचा एक तुकडा, पंपाच्या तोंडाच्या आकारात वाकवलेला. तार तापवली, बाटलीच्या बुडाला टेकवली. प्लास्टिक वितळून बरोबर तेवढंच भोक पडलं. त्यात पंपाचं तोंड घट्ट बसलं, कडेनं चिकटपट्टी लावली. झाला स्पेसर.

पंप सरळ तोंडात मारायचा तर दाबणं आणि श्वास घेणं एकाच क्षणी जमावं लागतं. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या बोटांना ते जमत नाही. औषध जोरानं घशावर आदळतं, तिथेच राहतं. मध्ये बाटली आली की औषध आधी बाटलीत थांबतं. मग माणूस आपल्या गतीनं ते आत घेतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी दम्याच्या मुलांवर अशी बाटली तपासली, आणि ती विकतच्या स्पेसरइतकीच चालते हे १९९९ साली जगापुढे मांडलं. बाटली साबणाच्या पाण्यानं धुवायची आणि तशीच निथळू द्यायची. फडक्यानं पुसायची नाही. पुसलं की प्लास्टिकला औषध चिकटतं.

[आजी ओसरीवर. हातात बाटली. आशाताई समोर उकिडव्या.]

आता आजींची पाळी. कॅप्सूल बाजूला ठेवल्या आहेत, डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय. टोपण काढायचं. पंप हलवायचा. आधी श्वास पुरता बाहेर सोडायचा, बाटलीत नव्हे, बाहेर. बाटलीचं तोंड ओठांत घट्ट. दाबायचं. आणि हळू, खोल आत ओढायचं.

पहिल्या वेळी आजी फुंकतात. दुसऱ्या वेळीही.

तेव्हा आशाताई आत जातात आणि उपकेंद्राच्या मागच्या घरातून एक फुंकणी घेऊन येतात. एका हातात फुंकणी, दुसऱ्या हातात पंप लावलेली बाटली.

आजी, ही फुंकायची. ही वढायची.

[आजी हसतात. मग बाटली तोंडाला.]

आत. आत. आत. आता धरून ठेवा. आशाताई बोटांवर दहा मोजतात. आजी दहाला सोडतात. अर्धा मिनिट थांबून पुन्हा एकदा. मग चूळ. या पंपात सूज कमी करणारं औषधही आहे. ते तोंडात राहिलं की जीभ पांढरी पडते, तोंड येतं. म्हणून चूळ भरून थुंकायची, रोज, न विसरता.

हे शिकवायला किती वेळ लागला? आम्ही चित्रीकरणावरून मोजलं. अकरा मिनिटं. बाह्यरुग्ण विभागात पन्नास माणसं रांगेत असताना डॉक्टरांकडे ही अकरा मिनिटं नसतात. आशाताईंकडे आहेत. त्यांचं दार आजींच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे. ३० वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा जो फॉर्म त्या भरतात, त्यात स्वयंपाक कशावर होतो हा प्रश्न आधीच आहे. चूल अशी खूण झाली की खोकला विचारा, दम विचारा, आणि औषध मिळालं असेल तर ते घेताना समोर बसून पाहा. आमचं मागणं एवढंच आहे, पण ते आम्ही पुन्हापुन्हा मागणार आहोत.

फाटलेलं फुफ्फुस पंपानं परत येत नाही. दम कमी लागतो, आजार बळावून दवाखान्यात न्यायची वेळ कमी येते.

[उन्हाळा. डोंगरउतारावर राब भाजताना. धुराचे लोट.]

उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही पुन्हा आलो. भाताच्या रोपांसाठी वाडीनं राब भाजायला घेतला होता. पालापाचोळा, शेण, कवळं, सगळं पेटलेलं, आणि अख्ख्या खोऱ्यावर निळसर धूर. आजी राबावर गेल्या नाहीत. वाऱ्याच्या उलट्या बाजूला, घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. कमरेची चंची सोडून त्यांनी दाखवली. आत सुपारी, अडकित्ता आणि पंप. चूल आत पेटलेलीच होती. भाकऱ्या आता सून करते.

[क्लोजअप. पंपाच्या डबीवर मार्करनं लिहिलेली तारीख.]

आजींच्या या पंपात २०० दाब असतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे ५० दिवस. पंप हलवला की संपल्यावरही आतून आवाज येतो, माणूस फसतो आणि रिकामा पंप ओढत राहतो. म्हणून आशाताईंनी डबीवर संपायची तारीख लिहिली आहे. नवा पंप त्या आधीच आणून देतात.

[आशाताईंची वही. पान उलटतं.]

ही त्यांची वही. नाव, वय, औषध, दिनांक, हे रकाने छापील आहेत. शेवटचा रकाना त्यांनी स्वतः पट्टी धरून आखला आहे. त्यावर निळ्या पेनानं लिहिलंय : ओढून दाखवलं.

आजींच्या नावापुढे खूण आहे. खालच्या सहा नावांपुढे अजून नाही. आशाताई चप्पल घालतात, छत्री घेतात. पहिलं घर ओढ्यापलीकडे आहे.