वसुली वॉरंट निघालं, पण पैसे?

श्रोतेहो, नमस्कार.

मी महसूल खात्यात तीस वर्षं नोकरी केली. शेवटची काही वर्षं वसुलीच्या टेबलावर गेली. शेतसाऱ्याची बाकी, गौण खनिजाचा दंड असले कागद तिथे नेहमीचेच. मग एक नवा कागद येऊ लागला, महारेराचं, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, वसुली वॉरंट. बिल्डरनं ताबा दिला नाही, पैसेही परत केले नाहीत, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करा, असा तो कागद. मी निवृत्त झालो आणि तसलाच कागद माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात आला. टेबलाची दुसरी बाजू मला तेव्हा कळली.

बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पुण्याबाहेर वन बीएचके घ्यायचा, भाड्यानं द्यायचा, पेन्शनला तेवढाच आधार. 22 लाख भरले. नोंदणीकृत करारनाम्यात ताब्याची तारीख डिसेंबर 2018. 2021 उजाडलं तरी इमारत तिसऱ्या मजल्यावरच अडकलेली. विचारायला गेली तर ऑफिसातून उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही इन्व्हेस्टर. रेरा राहायला घर घेणाऱ्यांसाठी असतो." तिनं ते खरं मानलं आणि वर्षभर गप्प बसली. मला त्या वर्षाचं फार वाईट वाटतं, कारण ते वाक्य साफ खोटं होतं.

2016 च्या रेरा कायद्यात खरेदीदार त्या घरात राहणार की ते भाड्यानं देणार, असा भेद नाही. करारातली तारीख चुकली की कलम 18 प्रमाणे दोन वाटा खुल्या होतात. प्रकल्पात राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज. बाहेर पडायचं असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत. व्याजाचा दर आपल्या राज्याच्या नियमांत ठरलेला आहे, स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे कर्जाच्या व्याजाचा आधारदर, अधिक 2 टक्के. नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की परतावा मागण्याचा हा हक्क बिनशर्त आहे. बिल्डरच्या अडचणी काहीही असोत, त्यानं हा हक्क कमी होत नाही.

मात्र तुमच्या हातातला कागद कोणता, हे आधी पाहा. विक्रीचा करारनामा असेल तर पाय घट्ट आहेत. पण दरमहा ठराविक परतावा, अमुक वर्षांनी बिल्डरच फ्लॅट परत विकत घेणार, असा नुसता समजुतीचा करार असेल तर वाट अवघड होते. निव्वळ नफ्यासाठी पैसे लावणाऱ्यांना बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये म्हटलं आहे. ग्राहक आयोगातही 'व्यावसायिक हेतू'चा, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असा, मुद्दा काढला जातो. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कायद्यानं बंदी आहे. आधी जास्त भरा, करार नंतर करू, असं कोणी म्हणालं तर तिथूनच उठा.

बहिणीनं तक्रार केली, सुनावण्या झाल्या, आदेश मिळाला. आम्ही पेढे वाटले. आता वाटतं, जरा घाईच केली. मुदत संपली, एक रुपया आला नाही. मग आदेशाची अंमलबजावणी झाली नाही म्हणून महारेराकडे पुन्हा अर्ज. त्यानंतर वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं आणि तिथून तहसीलदारांकडे.

इथे नेमकं काय होतं, ते मी आतून पाहिलं आहे. वॉरंटवर बिल्डरच्या ऑफिसचा पत्ता असतो. आमचा माणूस तिथे जातो. गाळा भाड्याचा, शटरला कुलूप. 'मालमत्ता आढळून आली नाही' असा अहवाल येतो आणि फाइल गठ्ठ्यात खाली जाते. प्रत्येक वेळी कोणी पैसे खाल्लेले असतात असं नाही. जप्त काय करायचं, हेच अनेकदा त्या कागदावर नसतं.

म्हणून मालमत्तेची यादी तुम्हीच करून द्या. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. सर्व्हे नंबर, न विकलेल्या सदनिका, त्याच बिल्डरचे इतर प्रकल्प, सगळं तिथे मिळतं. त्या सर्व्हे नंबरचा सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. तुमचे चेक ज्या बँकेत वटले, त्या खात्याचा तपशील जोडा. सगळं एका अर्जात लिहून तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या. सात-बाराच्या इतर हक्कात बोजा, म्हणजे या थकबाकीची नोंद, चढवण्याची मागणी त्याच अर्जात करा. एकदा बोजा चढला की तो उतरल्याशिवाय शहाणा गिऱ्हाईक तिथे पैसे टाकत नाही, आणि मग बिल्डरचा फोन स्वतःहून येतो. एक सांगतो, वॉरंट ज्याच्या नावाचं, मालमत्ता त्याचीच दाखवा. कंपनीच्या वॉरंटवर संचालकाच्या बायकोचा बंगला जप्त होत नाही.

फोन आला की सांभाळा. "आधी रद्दलेखावर सही करा, चेक देतो," असं म्हणतील. रद्दलेख म्हणजे करारनामा रद्द केल्याचा दस्त. सही करू नका. पैसे खात्यात जमा होऊ द्या, मग रद्दलेख. पुढच्या तारखेचा चेक घेतलाच तर त्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरा. परत आला तर बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. बिल्डर अपिलात गेला तर घाबरू नका, अपील चालण्याआधी त्याला व्याजासह सगळी रक्कम रेराच्या अपील न्यायाधिकरणात भरावी लागते. आणि कंपनी दिवाळखोरीत गेल्याची जाहिरात पेपरात दिसली तर वसुली थांबते. तेव्हा जाहिरातीतल्या मुदतीच्या आत आपला दावा तिथे दाखल करा. किती तरी लोकांनी ती जाहिरात वाचलीच नाही.

बहीण दर पंधरवड्याला तहसीलला जायची. कोणाला भेटली, काय उत्तर मिळालं, वहीत तारखेनं लिहायची. दोन न विकलेल्या फ्लॅटचे नंबर तिनंच शोधून दिले. त्यांच्या लिलावाची तारीख सोमवारची ठरली. शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज चढलेला होता. बँकेतूनच बोलत होती, पासबुकातला आकडा मला दोनदा वाचून दाखवला. 22 लाख. मुद्दल.

"आणि व्याज गं?" मी विचारलं.

"सोमवारी जातेय ना, दादा. वही घेऊन."