छायाचित्राची मागची बाजू

खुर्चीत बसलेली ही बाई पाहा. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यांवर शाल, हातात विणकाम. नाव सोजर्नर ट्रूथ. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मली. नऊ वर्षांची असेल-नसेल, तेव्हा लिलावात मेंढ्यांच्या कळपासोबत शंभर डॉलरला विकली गेली. १८२६ मध्ये तान्ही मुलगी कडेवर घेऊन मालकाच्या घरातून निघाली, ती परत गेलीच नाही.

छायाचित्राखाली एक ओळ छापली आहे : 'देह पोसण्यासाठी मी ही छाया विकते.' लिहिता-वाचता न येणारी ही बाई सभांमधून, टपालानं आपली छायाचित्रं विकायची आणि त्या पैशावर गुलामगिरीविरुद्ध बोलत गावोगाव हिंडायची.

आता पुठ्ठा उलटा करा. मागं हक्कनोंदणी आहे : सन १८६४, मिशिगनचं न्यायालय, नोंदवणारी एस. टी. म्हणजे ती स्वतःच. एरवी अशी नोंद छायाचित्रकाराच्या नावानं व्हायची. मेंढ्यांसोबत विकल्या गेलेल्या मुलीनं आपल्या चेहऱ्यावरचा हक्क सरकारदरबारी स्वतःच्या नावावर चढवून घेतला!

या छायाचित्रांना कार्त द व्हिझिट, म्हणजे भेटीचं कार्ड, म्हणत. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकारानं त्याचं पेटंट घेतलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद, त्यावर चांदीचा क्षार, आणि खाली अडीच बाय चार इंचांचा पुठ्ठा. स्वस्त, खिशात मावणारं, पाकिटातून धाडता येणारं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा घरोघरी याचे अल्बम होते.

म्हणूनच जाणता संग्राहक चेहऱ्याइतकाच वेळ पाठीला देतो. तिथं स्टुडिओचा शिक्का असतो, गावाचं नाव असतं, कधी पेन्सिलीनं लिहिलेली ओळख असते. आणि कधी एक छोटं तिकीट. सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या काळात युद्धखर्चासाठी छायाचित्रांवर कर होता. पंचवीस सेंटांपर्यंतच्या छायाचित्राला दोन सेंटांचं तिकीट लागायचं. ते दिसलं की विक्रीचा काळ दोन वर्षांच्या आत येतो. कोपरेही बोलतात : साधारण १८७०पर्यंत काटकोनी, पुढं गोलसर. भिंगाखाली कागदाचे तंतू दिसले तर ठीक. छपाईचे ठिपके दिसले, तर ती नंतरची नक्कल.

गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढणारे वक्ते फ्रेडरिक डग्लस तर कॅमेऱ्यासमोर आयुष्यभर बसत राहिले. त्यांची १६० वेगवेगळी छायाचित्रं आज माहीत आहेत. चेहरा गंभीर, नजर थेट. हसरा, सुखी गुलाम हे चित्र मालकांच्या सोयीचं होतं. डग्लसना ते पुसायचं होतं.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. ती अर्पणपत्रिका वाचलेल्या मराठी माणसाला या अल्बमांमधले चेहरे परके वाटू नयेत.

असाच एक अल्बम एमिली हाउलंड यांचा. न्यूयॉर्क राज्यातल्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शिक्षिका. गुलामगिरीतून सुटलेल्यांना त्यांनी शिकवलं. १ जानेवारी १८६४ रोजी हा अल्बम त्यांना भेट मिळाला. त्यात नंतर लावलेलं, ऑबर्न गावच्या पॉवेलसन स्टुडिओतलं, १८६८-६९च्या सुमाराचं एक छायाचित्र आहे : हॅरिएट टबमन, स्वतः गुलामगिरीतून पळून इतरांनाही सोडवणारी. आपल्या ओळखीची ती थकलेली म्हातारी नव्हे. इथं ती चाळिशीतली, चौकड्यांचा घेरदार झगा घातलेली, हात खुर्चीच्या पाठीवर सैल टाकलेला. १८६३ मध्ये कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेत सातशेहून अधिक गुलामांना सोडवणाऱ्या बाईचा दरारा इथं दिसतो.

२०१७ मध्ये हा अल्बम लिलावात आला. अमेरिकी काँग्रेसचं, म्हणजे संसदेचं, ग्रंथालय आणि स्मिथसोनियन संस्थेचं आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय यांनी मिळून तो १ लाख ६१ हजार डॉलरला घेतला. अख्खाच्या अख्खा. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण बाजारात अल्बम फोडले जातात. नामवंत चेहरा काढून चढ्या भावानं विकायचा आणि उरलेली पानं पाच-दहा डॉलरला उधळायची. मग कोण कुणाशेजारी होतं, कुणी कुणाला जपलं, हे कायमचं हरवतं.

या अल्बममध्ये जॉन विलिस मेनार्डही आहेत. १८६८ मध्ये लुइझियानातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय. त्यांना जागेवर बसू दिलं नाही, तरी १८६९ मध्ये त्याच सभागृहात उभं राहून त्यांनी आपली बाजू मांडली. त्यांचं आज माहीत असलेलं एकमेव छायाचित्र हेच.