न कळण्याची जबाबदारी

श्रोतेहो, नमस्कार.

माणूस वाईट कृत्य करतो तेव्हा ते वाईट आहे हे त्याला खरोखर माहीत असते का, या प्रश्नाविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. ‘मला कल्पना नव्हती’ हे वाक्य आपण घरात ऐकतो, कचेरीत ऐकतो, न्यायालयातही ऐकतो. आणि ते ऐकताना कधी आपला राग निवळतो, तर कधी तो दुप्पट होतो. असे का व्हावे? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात पाप आणि नैतिक अपराध यांविषयी जे चिंतन झाले, त्याचा फार मोठा भाग या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. या परंपरेत ज्यांनी ‘त्याला कळत होते की नव्हते’ एवढेच विचारून न थांबता ‘त्याचे ते न कळणे आले कुठून’ असेही विचारले, तेच विचारवंत सर्वांत खोलवर पोहोचले असे मला वाटते, आणि त्याच दृष्टीने मी ही मांडणी करणार आहे.

इसवी सनापूर्वी 399 साली अथेन्समध्ये सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर खटला चालला. नगराचे देव न मानणे आणि तरुणांना बिघडवणे हे त्याच्यावरचे आरोप होते. प्लेटोने त्या प्रसंगाचे जे चित्रण केले आहे, त्यात सॉक्रेटिस आरोप करणाऱ्याला असे विचारतो, की ज्यांच्यात मला राहायचे आहे त्यांनाच वाईट करून मी स्वतःचे नुकसान जाणूनबुजून कशाला करीन? एक तर मी त्यांना बिघडवलेले नाही, किंवा बिघडवले असेल तर ते नकळत. आणि नकळत केलेल्या चुकीसाठी माणसाला न्यायालयात खेचायचे नसते, बाजूला घेऊन समजावायचे असते. हा केवळ बचावाचा युक्तिवाद नव्हता. कोणीही स्वेच्छेने वाईट करत नाही, जो वाईट करतो तो आपले खरे हित कशात आहे याबद्दल अज्ञानात असतो, ही त्याची पक्की धारणा होती. अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणे अधिक वाईट, कारण त्याने करणाऱ्याचा आत्माच नासतो, असेही तो म्हणत असे. या विचारात फार मोठे औदार्य आहे. अपराधी माणूस येथे शत्रू उरत नाही, तो शिकवण्याजोगा ठरतो. मात्र एक अडचण राहतेच. आपल्यातला प्रत्येक जण कधी ना कधी जे चूक आहे हे पुरते ठाऊक असते तेच करून बसलेला असतो.

ॲरिस्टॉटलने ही अडचण अचूक ओळखली. कळते पण वळत नाही अशी जी आपल्या परिचयाची अवस्था आहे, तिच्यावर त्याने ‘निकोमाखियन एथिक्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात दीर्घ विवेचन केले आहे. वासनेच्या भरात असलेल्या माणसाचे ज्ञान हे झोपलेल्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाच्या ज्ञानासारखे असते. तो थोर कवींच्या ओळी म्हणून दाखवील, परंतु त्या क्षणी त्यांचा अर्थ त्याच्या ठायी जागा नसतो. मला याहून महत्त्वाचे वाटते ते त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागातले एक निरीक्षण. नशेत केलेल्या गुन्ह्याला कायदे दुप्पट शिक्षा सांगतात, याची तो तेथे आठवण करून देतो. नशेत असताना त्या माणसाला काही कळत नव्हते हे खरेच. परंतु न पिणे त्याच्या हातात होते, आणि म्हणून ते न कळणेही त्याचेच कृत्य ठरते. स्वभावाचेही तसेच आहे. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणे किंवा न फेकणे आपल्या हाती होते. त्याचप्रमाणे वर्षानुवर्षे अन्याय करून निबर झालेल्या माणसाला आता अन्याय दिसत नसला, तरी तसे होण्याची वाट त्यानेच चालून काढलेली असते. अज्ञान हे नेहमीच निमित्त होऊ शकत नाही, काही अज्ञान हे स्वतःच अपराध असते, हा विचार येथे स्पष्टपणे मांडला गेला.

ख्रिस्ती विचार आला आणि प्रश्नाची भूमीच बदलली. आता वाईट कृत्य म्हणजे केवळ विवेकाची चूक राहिली नाही, तर ज्याने आपल्याला निर्माण केले त्या ईश्वराकडे पाठ फिरवणे असा त्याचा अर्थ झाला. या बदलाचा सर्वांत प्रभावी साक्षीदार म्हणजे ऑगस्टीन. आजच्या अल्जीरियात असलेल्या थागास्ते या गावी 354 साली त्याचा जन्म झाला. सुमारे 397 ते 400 या काळात लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात, वयाच्या सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीसाठी त्याने दुसऱ्या भागाचा बराच मोठा हिस्सा खर्च केला आहे. रात्री उशिरा तो आणि त्याचे सवंगडी शेजारच्या झाडावरची नासपतीची फळे पाडायला गेले. ती फळे दिसायला चांगली नव्हती, चवीलाही नव्हती. त्याहून चांगली त्याच्या घरी होती. पोरांनी ढीगभर फळे नेली, थोडी चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला, असे अनेक वाचकांनी विचारले आहे. पण ऑगस्टीनने हा क्षुल्लक प्रसंग नेमका तो क्षुल्लक आहे म्हणूनच निवडला असावा. भुकेल्याने चोरी केली तर अन्न हे कारण दिसते. खुनी माणसालाही संपत्ती हवी असते, सूड हवा असतो किंवा भीती घालवायची असते. म्हणजे तो काहीतरी चांगले समजूनच वाईट करत असतो, आणि सॉक्रेटिसचे उत्तर तेथपर्यंत पुरते. या चोरीत मात्र मिळवण्यासारखे काहीच नव्हते. हे करू नये हे ठाऊक होते, आणि करू नये म्हणूनच ते करण्यात गोडी होती, अशी कबुली ऑगस्टीन देतो. मग तो स्वतःचीच आणखी उलटतपासणी घेतो आणि म्हणतो, की एकटा असतो तर मी हे केले नसते. चला, करू या असे कोणी म्हटले की मागे राहण्याचीच लाज वाटू लागते. मनाची इतकी निर्दय आणि इतकी प्रामाणिक चिकित्सा त्यापूर्वीच्या पाश्चात्त्य साहित्यात मला तरी आढळलेली नाही. पुढे आठव्या भागात तो सांगतो, की मन शरीराला आज्ञा देते तेव्हा हात लगेच हलतो, पण मन स्वतःलाच आज्ञा देते तेव्हा ते ऐकत नाही. दोष ज्ञानात नसून दुभंगलेल्या इच्छेत आहे, हा त्याचा निष्कर्ष होता.

याच निष्कर्षातून पुढे आदिपापाचा, म्हणजे पहिला मानव आदाम याच्या पापाचा दोष वंशपरंपरेने प्रत्येक माणसाला लागतो असा, कठोर सिद्धांत त्याने उभारला. माणूस स्वतःच्या प्रयत्नाने सदाचारी राहू शकतो असे मानणाऱ्या ब्रिटनच्या पेलेजिअसशी त्याचा दीर्घ वाद झाला, आणि 418 साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलेजिअसच्या मतांचा निषेध केला. मला स्वतःला या वादात पेलेजिअसची बाजू अधिक माणुसकीची वाटते. तरीही ऑगस्टीनचे एक योगदान विसरता येणार नाही. 410 साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटले तेव्हा अनेक स्त्रियांवर बलात्कार झाले. त्यांची विटंबना झाली म्हणून त्या दोषी ठरत नाहीत, मनाने संमती दिलेली नसताना दुसऱ्याच्या कृत्याने कोणाचेही पावित्र्य जात नाही, असे त्याने ‘सिटी ऑफ गॉड’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ठामपणे लिहिले. बलात्कारानंतर आत्महत्या केलेल्या प्राचीन रोममधील ल्युक्रेशियाविषयी तो तेथे अकारण कठोर झाला आहे, हेही सांगितले पाहिजे. परंतु पाप शरीराला विटाळासारखे चिकटत नाही हे तत्त्व जिवंत असलेल्या, भीतीने आणि लाजेने मूक झालेल्या स्त्रियांसाठी फार मोलाचे होते.

सातशे वर्षांनंतर फ्रान्समधील पीटर आबेलार या तर्कपंडिताने हेच सूत्र थेट टोकापर्यंत नेले. आयुष्याच्या अखेरच्या काळात लिहिलेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले, की वाईट प्रवृत्ती म्हणजे पाप नव्हे, वाईट इच्छा म्हणजेही पाप नव्हे, आणि प्रत्यक्ष कृतीने पापात काही भर पडत नाही. जे करू नये त्याला मनाने दिलेली संमती एवढेच काय ते पाप. त्याने दिलेले एक उदाहरण अंतःकरण हलवणारे आहे. एका गरीब आईजवळ पुरेसे कपडे नाहीत. थंडीत तान्ह्या बाळाला ऊब मिळावी म्हणून ती त्याला आपल्याच चिंध्यांत कुशीत घेऊन झोपते, आणि झोपेत तिच्याखाली गुदमरून ते बाळ मरते. धर्माधिकारी तिला जबर प्रायश्चित्त देतात. आबेलार म्हणतो, की तिच्या हातून पाप घडलेले नाही. शिक्षा दिली जाते ती इतर स्त्रियांनी काळजी घ्यावी म्हणून. माणसे बाहेरचे कृत्य पाहून दंड देतात, अंतःकरण पाहणारा मात्र ईश्वरच. कायदा आणि नीती यांतले अंतर इतक्या स्वच्छपणे त्या काळात फार थोड्यांनी सांगितले असेल.

मात्र तर्क एकदा सुरू झाला की तो सोयीच्या ठिकाणी थांबत नाही. ज्यांनी ख्रिस्ताला क्रूसावर दिले त्यांना आपण योग्यच करत आहोत असे मनापासून वाटत असेल, तर त्यांच्याविषयी काय म्हणायचे? आबेलारने न डगमगता उत्तर दिले, की त्यांचे कृत्य भयंकर असले तरी त्यांना त्याबद्दल अपराधी म्हणता येणार नाही; उलट स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध जाऊन त्यांनी त्याला सोडले असते तर तो अधिक मोठा दोष झाला असता. क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याच्या पुढाकाराने फ्रान्समधील साँस येथे भरलेल्या धर्मपरिषदेत आबेलारच्या ज्या मतांचा निषेध झाला, त्यांत हेही एक होते. निषेध करणाऱ्यांचा धाक मला पटत नाही, पण त्यांची अस्वस्थता समजते. मनापासून वाटणे एवढ्यानेच माणूस निर्दोष ठरत असेल, तर त्या वाटण्याची चौकशी कोणी करायची?

ही चौकशी जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने केली. 1793 साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक ग्रंथात त्याने मानवी स्वभावातील मूलगामी दुष्टतेचा विचार मांडला. आदिपाप वारशाने मिळते ही कल्पना त्याला अजिबात मान्य नव्हती, कारण जे आपण केलेले नाही त्याचा दोष आपल्याला लागू शकत नाही. वासना स्वतः वाईट आहेत असेही त्याने मानले नाही. त्याच्या मते प्रत्येक माणसाला नैतिक नियम ठाऊक असतो आणि स्वतःचे सुखही हवे असते. दुष्टता असते ती या दोहोंचा क्रम उलटा लावण्यात, म्हणजे स्वार्थाला बाधा येत नाही तोवरच नियम पाळायचा, असे ठरवण्यात. हा उलटा क्रम आपण स्वतःपासूनही लपवतो. हातून काही भयंकर घडले नाही एवढ्यावरून माणूस स्वतःला सज्जन समजू लागतो, वास्तविक त्याच्यावर तसा प्रसंगच आलेला नसतो. ही आत्मवंचना मानवजातीला लागलेला नासका डाग आहे, असे कांटला वाटत होते. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्त्याच्या शुद्ध बुद्धीचे महत्त्व सांगताना कांटचा आधार घेतला, त्यामुळे कांटची ही बाजू मराठी वाचकांना जुनी ओळखीची आहे, परंतु बुद्धी शुद्ध असल्याचा भास माणूस किती कौशल्याने निर्माण करतो, हे सांगणारा कांट आपल्याकडे पुरेसा वाचला गेलेला नाही.

1961 साली जेरुसलेममध्ये आडोल्फ आइखमानवर खटला उभा राहिला. युरोपभरातील ज्यूंना मृत्यूछावण्यांकडे नेणाऱ्या रेल्वेगाड्यांची व्यवस्था पाहणारा हा नाझी अधिकारी, आपण आयुष्यभर कांटच्या नीतितत्त्वांनुसार वागलो, असे म्हणाला. आणि न्यायाधीशाने विचारल्यावर, आपल्या वागण्याचे तत्त्व सर्वांसाठी नियम होऊ शकेल असेच वागावे, या कांटच्या नियमाची बरीचशी बरोबर व्याख्याही त्याने सांगितली. तेथे उपस्थित असलेल्या ज्यू विचारवंत हाना आरेंट यांना त्याच्यात सैतानी खोली दिसली नाही. दिसला तो ठरावीक वाक्यांत बोलणारा आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून क्षणभरही विचार करू न शकणारा एक कारकुनी माणूस. त्यांनी वापरलेल्या ‘दुष्टतेचा सामान्यपणा’ या शब्दप्रयोगावर मोठे वादळ उठले. आइखमानने अर्जेंटिनात लपून राहत असताना आपल्या नाझी परिचितांसमोर काढलेले उद्गार पुढे अधिक तपशिलाने उजेडात आले. त्यांवरून तो कट्टर ज्यूद्वेष्टा होता हे स्पष्ट होते, आणि त्या माणसाबद्दलचा आरेंट यांचा अंदाज चुकला असे मीही मानतो. तथापि त्यांनी दाखवलेली विचारशून्यता त्या काळातल्या हजारो सह्या करणाऱ्या आणि आदेश पुढे पाठवणाऱ्या हातांना अचूक लागू पडते.

आरेंट यांचे गुरू कार्ल यास्पर्स यांनी या हातांविषयी आधीच बोलून ठेवले होते. त्यांची पत्नी ज्यू होती, त्यामुळे नाझी राजवटीने 1937 साली त्यांना प्राध्यापकपदावरून दूर केले होते. युद्ध संपताच, 1945-46 च्या हिवाळ्यात, हायडेलबर्ग विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी अपराधाचे कायदेशीर, राजकीय, नैतिक आणि पारमार्थिक (ज्याचा निवाडा ईश्वरच करू शकतो असा) असे चार प्रकार वेगळे केले. पहिल्याचा निवाडा न्यायालय करील, दुसऱ्याची किंमत संपूर्ण राष्ट्राला मोजावी लागेल, परंतु तिसऱ्याचा निवाडा ज्याचा त्यानेच करायचा आहे, असे ते म्हणाले. या तिसऱ्या प्रकारात त्यांनी ज्या गोष्टी घातल्या त्या पाहण्यासारख्या आहेत: सोयीने करून घेतलेली स्वतःची समजूत, ‘यात काही चांगलेही आहे’ असा अर्धवट होकार, शेजाऱ्याला घेऊन जाताना फिरवलेली नजर. आणि त्यांत त्या तरुणांचाही समावेश होता ज्यांनी देशाचे कर्तव्य समजून, निर्मळ मनाने त्या राजवटीची सेवा केली होती. आबेलारने त्यांना निर्दोष ठरवले असते. यास्पर्स यांनी तसे केले नाही. मात्र बाहेरच्या कोणीही त्यांच्याकडे बोट दाखवावे असेही ते म्हणाले नाहीत. देशप्रेम आणि सैनिकाचा प्रामाणिकपणा यांत खरे मोल आहे हे मान्य करून, त्या प्रामाणिकपणाचा उपयोग कोणी कशासाठी करून घेतला हे प्रत्येकाने स्वतः तपासावे, अशी त्यांची अपेक्षा होती. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण नुकतेच आघाडीवरून परतलेले होते, आणि अनेकांना ही व्याख्याने आवडली नाहीत.